आगीतून फुफाट्यात, आणि तिथून खिशात

जुना कोड ज्यांनी सांभाळलाय त्यांना हा अनुभव नक्की असणार. एखाद्या फंक्शनच्या मधोमध एक विचित्र 'इफ' बसलेला असतो. कॉमेंट नाही, लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. नवीन आलेला पोरगा उत्साहात म्हणतो, "हे काढूनच टाकू की! काहीच करत नाहीये ते." आणि टीममधला जुना माणूस हातातला चहा घाईघाईने खाली ठेवतो आणि म्हणतो, "थांब. हात लावू नकोस." कारण तो 'इफ' कधीतरी रात्री तीन वाजता, सगळं कोसळलेलं असताना जन्माला आलेला असतो.

लिथियम-आयन बॅटरीचा पॅक हा असाच जुना कोड आहे, मंडळी. इथे फक्त कोसळण्याऐवजी पेटतं.

हल्ली घरच्या घरी पॅक बांधायचं वेड बरंच पसरलंय. सायकलला मोटर लावायची, इन्व्हर्टरची जड लेड-ॲसिड बॅटरी हद्दपार करायची, गच्चीवरच्या सोलर पॅनलला जोड द्यायची... साहित्य मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं, नाहीतर घरपोच येतं. व्हिडिओ तर हजारो. कुठली तार कुठे जोडायची ते त्यात व्यवस्थित दाखवतात. पण जी वस्तू आपण जोडतोय ती तशी का आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून आज थोडा इतिहास. (पळू नका, सनावळ्या कमी आणि आगी जास्त आहेत!)

गोष्ट सुरू होते १९७०च्या दशकात, आणि गंमत म्हणजे एका तेल कंपनीत. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, किमती भडकल्या, आणि अमेरिकेतल्या एक्सॉनलाही तेलाच्या पलीकडचं जग महत्त्वाचं वाटायला लागलं. तिथे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ काम करत होते. टायटॅनियम डायसल्फाइड हा पदार्थ पत्त्यांच्या कॅटसारखा थराथरांचा असतो, आणि त्या थरांमधल्या फटींत लिथियमचे आयन सहज ये-जा करू शकतात. एका बाजूला हे थर, दुसऱ्या बाजूला लिथियम धातू. झाली बॅटरी! दोन व्होल्टच्या वर दाब देणारी, आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी.

आता लिथियम हा सगळ्यात हलका धातू, आणि आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकायला कायम टपलेला. एवढ्याशा वजनात एवढी ऊर्जा मिळते ती त्यामुळेच, आणि त्याचा भडकू स्वभावही त्यामुळेच. बॅटरी चार्ज करताना हा लिथियम परत धातूच्या पत्र्यावर जाऊन बसतो, पण सपाट बसत नाही. काही ठिकाणी त्याच्या बारीक सुया वाढायला लागतात. एखादी सुई वाढत वाढत समोरच्या टोकाला टेकली, की आतल्या आत शॉर्ट सर्किट. एक्सॉनच्या प्रयोगशाळेत इतक्या वेळा आग लागली की अग्निशमन दलाने शेवटी तंबीच दिली, म्हणे: लिथियमची आग विझवायला जी खास रसायनं लागतात त्याचे पैसे आता तुम्हीच भरा!

व्हिटिंगहॅम यांनी लिथियममध्ये ॲल्युमिनियम मिसळून, आतला द्रव बदलून तो प्रकार बराच आटोक्यात आणला. १९७६ साली हे काम जाहीर झालं, आणि एका स्विस घड्याळवाल्यासाठी थोड्या बॅटऱ्याही बनल्या. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेल पुन्हा स्वस्त झालं आणि एक्सॉनने प्रकल्प गुंडाळला.

इकडे इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डला, जॉन गुडइनफ यांनी १९८० साली कोबाल्ट ऑक्साइड वापरून दाब थेट चार व्होल्टपर्यंत नेला. ताकद दुप्पट झाली. पण त्यात एक मेख होती: चार्ज झालेलं कोबाल्ट ऑक्साइड जास्त तापलं की ऑक्सिजन सोडतं. म्हणजे आगीला लागणारी हवासुद्धा घरचीच! बाहेरून झाकून, गुदमरवून ही आग विझत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

सुयांचा प्रश्न सोडवला जपानमध्ये, असाही कासेई कंपनीतल्या अकिरा योशिनो यांनी. त्यांचा विचार साधा होता. लिथियम धातू भडकतो ना? मग धातू ठेवायचाच नाही. दुसऱ्या बाजूलाही थर ठेवायचे, कार्बनचे. आयन इकडच्या थरांतून तिकडच्या थरांत जातील आणि परत येतील. 'लिथियम बॅटरी'मधला तो 'आयन' शब्द आला तो असा. १९८५ साली पेट्रोलियम कोक वापरून त्यांचा सेल तयार झाला, आणि पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर लोखंडाचा मोठा ठोकळा टाकून पाहिला. सेल चेपला, बाकी काही नाही. मग तोच ठोकळा लिथियम धातूच्या बॅटरीवर टाकला, तर जोरदार स्फोट. योशिनो त्या दिवसालाच या बॅटरीचा जन्मदिवस मानतात. मला हे फार आवडतं. 'चालली' तो दिवस त्यांनी निवडला नाही, 'पेटली नाही' तो निवडला!

योशिनोंचं म्हणणं किती खरं होतं हे लगेच सिद्ध झालं, पण भलत्याच ठिकाणी. कॅनडात व्हँकूव्हरजवळ मोली एनर्जी नावाची कंपनी होती. त्यांनी लिथियम धातूचाच रस्ता धरला होता, आणि त्यांच्या बॅटऱ्या जपानमधल्या मोबाईल फोनमध्ये वापरल्या जात होत्या. प्रयोगशाळेत सगळं ठीक. १९८९ साली एका फोनने पेट घेतला, माणूस भाजला. सगळ्या बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर चार्ज होणाऱ्या बॅटरीत लिथियम धातू वापरायचं नाव बाजारात बराच काळ कोणी काढलं नाही.

१९९१ साली सोनीने कार्बनवाली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा तो सुप्रसिद्ध १८६५० सेल आला, जो दोन दशकं जगातल्या लॅपटॉपांच्या पोटात राहिला. वरून दिसतो साध्या पेन्सिल सेलच्या थोराड भावासारखा. पण आत बघा काय काय आहे! दोन टोकांमधला सेपरेटर अशा प्लास्टिकचा की १३० अंशांच्या आसपास त्याची छिद्रं बुजतात आणि आयनांची ये-जा बंद पडते. आत वायू साठून दाब वाढला की टोपीखालची पातळ चकती उचलली जाते आणि सर्किट तुटतं. दाब त्याहून वाढला तर डबा फुटण्याऐवजी ठरलेल्या जागेतून वाफ बाहेर पडते. बऱ्याच सेलमध्ये करंट वाढला की गरम होऊन अडवणारी एक कडीही असते. हे सगळे आपले ते विचित्र 'इफ'. काहीच करत नाहीत. नव्व्याण्णव टक्के आयुष्य नुसते बसून काढतात.

एवढं करूनही २००६ साल उजाडलंच. जून महिन्यात ओसाकामधल्या एका परिषदेत टेबलावरच्या डेल लॅपटॉपने पेट घेतला आणि त्याचे फोटो जगभर फिरले. ऑगस्टमध्ये डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, त्याच महिन्यात ॲपलने १८ लाख. सेल सोनीचे. कारण काय निघालं? सेल बनवताना आत धातूचे अतिसूक्ष्म कण राहून गेले होते. ज्या कंपनीने ही बॅटरी जगाला विकायला सुरुवात केली, तिच्या कारखान्यात हे झालं हे लक्षात ठेवा. आपल्याला ते पुढे लागणार आहे.

मग लोकांनी आणखी एक गोष्ट मान्य केली: चांगल्यातला चांगला सेलही कधीतरी दगा देणार. मग एक पेटला तर शेजारचा पेटू नये, असा पॅक बांधायचा. २००८ साली टेस्लाची रोडस्टर आली तिच्यात ६,८३१ सेल होते, सगळे लॅपटॉपवाले १८६५०. पण प्रत्येक सेलला स्वतःचा फ्यूज, मधून थंड करणारा द्रव, प्रत्येक गटावर लक्ष ठेवणारं सर्किट. याउलट काय होतं ते बोईंगने २०१३च्या जानेवारीत पाहिलं. ७ तारखेला बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या ड्रीमलायनरच्या बॅटरीला आग लागली. १६ तारखेला जपानमध्ये दुसऱ्या विमानाला धुरामुळे तातडीने उतरावं लागलं. जगभरातली तेव्हा सेवेत असलेली पन्नासही ड्रीमलायनर जमिनीवर आली. पॅकमध्ये मोजून आठ मोठे सेल. बोस्टनच्या तपासात निघालं ते असं की एका सेलमध्ये शॉर्ट झालं आणि उष्णता शेजाऱ्यांकडे पसरत गेली. तसं पसरणार नाही असं गृहीत धरून डिझाइन पास झालं होतं. एप्रिलमध्ये विमानं परत उडाली तेव्हा सेलमधलं अंतर आणि इन्शुलेशन वाढवलेलं होतं, चार्जिंगचा दाब उतरवलेला होता, आणि सगळा पॅक स्टीलच्या बंद पेटीत होता, धूर थेट विमानाबाहेर सोडणाऱ्या नळीसकट.

हुश्श! झाला इतिहास. आता घरी येऊ.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राने मध्यंतरी सायकलसाठी पॅक बांधायचं ठरवलं. हुशार माणूस, सोल्डरिंगमध्ये हात साफ. भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या मिळवल्या, फोडल्या, सेल काढले. चाळीस सेल: चार-चार समांतर, आणि असे दहा गट एकापुढे एक. ३६ व्होल्ट, साधारण ३६० वॅट-तास. मला म्हणाला, "अरे, त्यात एवढं काय आहे? सेल तर सोनी-पॅनासॉनिकचेच आहेत. चांगल्या कंपनीचे."

आम्ही एका शनिवारी कागद-पेन घेऊन बसलो, आणि त्याचा बेत या इतिहासाशेजारी ठेवून पाहिला. मग जे दिसलं ते जरा अस्वस्थ करणारं होतं. घरी पॅक बांधताना आपण घेतो तो प्रत्येक शॉर्टकट म्हणजे कोणीतरी आग सोसून लिहिलेला एकेक 'इफ' पुसणं आहे.

पहिलं, जुने सेल. काही सेल महिनोन् महिने पडून पार शून्यावर गेलेले होते. असा सेल चार्जरवर लावला की शहाण्यासारखा चार्ज होतो, मीटरवर छान व्होल्टेज दाखवतो. पण दाब अडीच व्होल्टच्या बराच खाली गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि परत चार्ज करताना ते तांबं भलत्या जागी जाऊन बसतं. म्हणजे २००६ साली सोनीच्या कारखान्यात जे धातूचे कण चुकून राहिले, ते आपण इथे स्वतःच्या हाताने तयार करतो. मीटर हे कधीच सांगत नाही.

दुसरं, बीएमएस न लावता नुसत्या चार्जरवर भरवसा. चार्जर बघतो पूर्ण पॅकचा दाब: ४२ व्होल्ट आले की बस. पण दहातला एक गट म्हातारा असेल तर तो आधी भरतो आणि ४.२ व्होल्टच्या पुढे ढकलला जातो. मग कार्बनच्या थरांत आणखी जागा उरत नाही, आणि लिथियम बाहेर पत्र्यावर साठायला लागतो. धातू म्हणून! म्हणजे योशिनोंनी जो धातू हाकलला तो परत आला, सुयांसकट. शून्य अंशाच्या खाली चार्ज केलं तरी हेच होतं. (पुण्यात त्याची भीती नाही, पण लेह-लडाखला ई-सायकल नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) म्हणून बीएमएस हवा, आणि तोही प्रत्येक गटाचं व्होल्टेज वेगळं बघणारा, तापमानाचा सेन्सर असलेला.

तिसरं, सोल्डरिंग. सोल्डरिंग गनचं टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं, आणि सेपरेटरची छिद्रं बुजतात १३०ला. टोपीवर गन टेकवून बसलं तर सुरक्षेचा तो थर आपण वापरायच्या आधीच भाजून ठेवतो. स्पॉट वेल्डिंगमध्ये उष्णता क्षणभरच आणि टिकलीएवढ्या जागेत लागते, म्हणून कारखान्यात तेच करतात.

चौथं, गच्च बांधणी. १८६५०चा सगळा डबा म्हणजे निगेटिव्ह टोक, फक्त वरची टोपी पॉझिटिव्ह, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम एक मिलिमीटरभर जागा. तिथे कागदी कडी न घालता निकेलची पट्टी ओढली आणि वरचं पातळ प्लास्टिक घासलं गेलं, तर चार समांतर सेल मिळून शेकडो अँपिअर त्या एका बिंदूतून जाऊ शकतात. सेलना सेल चिकटवून वर टेप गुंडाळला, मध्ये अंतर नाही, फ्यूज नाही, तर तो झाला बोस्टनचा पॅक. बोईंगकडे निदान अग्निशमन दल धावपट्टीवर होतं.

आणि मित्र राहतो चौथ्या मजल्यावर. जिना एकच. सायकल पॅसेजमध्ये, दाराला लागून, चार्जिंगही तिथेच आणि रात्रभर. समोरच्या फ्लॅटमध्ये सत्तरी ओलांडलेले काका-काकू.

हा बाऊ नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं गेली. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या ई-सायकली, स्वस्तातले आणि जुळवाजुळव केलेले पॅक, आणि दारातच चार्जिंग, म्हणजे आग लागली की बाहेर पडायची वाटच बंद. त्या वर्षी शहराने वापरलेल्या बॅटऱ्यांमधून सेल काढून नवा पॅक बांधायला आणि विकायला कायद्यानेच बंदी घातली. आपल्याकडे २६ मार्च २०२२ला पुण्यात लोहगावला भर रस्त्यात पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. त्या उन्हाळ्यातल्या आगींनंतर एआयएस-१५६ हे मानक कडक झालं आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. एक सेल पेटला तर पुढे काय होतं, याची परीक्षा आता पॅकला द्यावी लागते. हे मानक जिथून प्रसिद्ध होतं ती एआरएआय संस्था आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. सकाळी फिरायला जाणारे तिच्या भिंतीजवळून रोज जातात.

मग काय, घरी काही करूच नये? असं मी म्हणणार नाही. मीही शनिवार-रविवार स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्यांपैकी आहे. मला पटलेले नियम थोडक्यात देतो:

सेल नवे, एकाच कंपनीचे, एकाच बॅचचे, खात्रीच्या विक्रेत्याकडून. ज्याचं पूर्वायुष्य माहीत नाही असा सेल पॅकमध्ये नाही.

वजनाची अडचण नसेल (इन्व्हर्टर, सोलर) तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. १९९७ साली टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून हे रसायन आलं, आणि त्या निबंधावर पाधी आणि नंजुंडस्वामी अशी दोन भारतीय नावं आहेत. यातला ऑक्सिजन फॉस्फरसने घट्ट धरून ठेवलेला असतो, सहजासहजी सुटत नाही. पेटतच नाही असं नाही, पण स्वभाव बराच शांत. मात्र चार्जर आणि बीएमएस त्याचेच हवेत, कारण इथे मर्यादा ३.६५ व्होल्टची आहे.

फ्यूज, प्रत्येक गट बघणारा बीएमएस आणि कागदी कड्या, यातलं काहीही 'नंतर लावू' या यादीत जात नाही.

चार्जिंग जागेपणी, दारापासून आणि जिन्यापासून लांब, जवळपास गादी-पडदे नाहीत अशा जागी. पॅक फुगला, गोडसर वास आला, फुसफुसायला लागला, तर शूटिंग करत थांबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या, १०१ फिरवा. विझल्यासारखा वाटणारा पॅक तासाभराने परत पेटू शकतो, हे त्यांनाही सांगा.

मित्राने शेवटी प्रमाणित तयार पॅक विकत घेतला. पैसे चांगलेच जास्त गेले आणि आठवडाभर तो माझ्याशी जरा तुटकच बोलत होता. मोटर, कंट्रोलर, पॅक बसवायची पेटी, डिस्प्लेचा कोड हे सगळं मात्र त्याने स्वतः केलं, आणि ते बघण्यासारखं झालंय. जुने सेल ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात गेले, टोकांना टेप लावून.

२०१९ साली व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना मिळून रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, आजवरचे सगळ्यात वयस्कर नोबेलविजेते. २०२३ साली, शंभर पूर्ण करून ते गेले. शेवटच्या वर्षांतही ते नव्या बॅटरीवर काम करत होते: द्रवाऐवजी घन पदार्थ वापरायचा आणि लिथियम धातू परत आणायचा. म्हणजे त्या सुयांशी भांडण अजून चालूच आहे.

असो. बरंच लांबलं. पुढच्या शनिवारी लेड-ॲसिडच्या इतिहासाकडे वळावं म्हणतोय. तोवर, तुमच्याकडे ड्रॉवरमध्ये एखादी फुगलेली पॉवर बँक पडली असेल तर आधी ती बाहेर काढा बघू.